ओसरीवरचे ‘बरं आहे’

एका गावात अंताजी नावाचे एक वैद्य होते. सांधेवाताच्या औषधात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यांच्या गुरूंची रीत सोपी होती, पण कडक. रोग्याला समोर बसवायचे आणि बोटांच्या पेरांपासून गुडघ्यांपर्यंत एकेक सांधा अंगठ्याने दाबायचा. किती सुजले, किती दुखले, ते मोजायचे. सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो, ते विचारायचे. मोजणी चढली की औषध चढवायचे. रोग आत जागा आहे की निजला आहे, हे असेच कळते, असे गुरू सांगत.

आता सुजलेला सांधा दाबला की माणूस ओरडणारच. आत कोणी ‘आई गं’ म्हटले की ओसरीवरचे लोक चुळबुळ करत. एकदोघे तर चपला घालून आल्या वाटेने परत गेले. “वैद्य आहे का कसाई?” असे कोणीतरी म्हटल्याचे अंताजींच्या कानावर आले आणि त्यांना ते फार लागले. त्यांनी दाबणेच सोडले. ओसरीवर सगळ्यांदेखत ते नुसते विचारू लागले, “काय, कसं काय?” आणि वैद्याच्याच दारात बसून त्याला ‘गुण नाही’ म्हणणे आपल्याकडे कोणाला जमते? जो तो म्हणे, “तुमच्या कृपेनं बरं आहे.” अंताजी खूश, ओसरी भरलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या ओसरीवर तानूबाई बुरूड येई. नवऱ्यामागे सुपे आणि टोपल्या विणून तिने मुले वाढवली होती. बोटे सुजू लागली तशी ती अंताजींकडून लेप नेई आणि चारचौघांसारखे ‘बरं आहे’ म्हणे. एके दिवशी मात्र ती उठता उठता थांबली.

“बरं हाय, बुवा,” ती हळूच म्हणाली, “पर हात जरा दाबून बघता का? पयल्यासारखं.”

अंताजी जाणते होते. पेरे फुगलेली त्यांना दुरूनही दिसत होती. त्यांचा हात पुढे झालाही. पण त्या दिवशी परगावचे देशमुख पहिल्यांदाच येऊन बसले होते. ही ओरडली तर? अंताजींनी हात मागे घेतला.

“दाबायचं काय त्यात? तोंडावरून कळतंय की. तोच लेप चालू दे.”

“बुवा म्हनत्यात म्हंजे बरंच आसंल,” असे म्हणून तानूबाई गेली.

मग कितीतरी महिने ती फिरकली नाही. गुण आला असेल, अशी अंताजी मनाची समजूत घालत, पण मनात रुतलेले कुसळ काही निघेना. शेवटी ते स्वतःच तिच्या घरी गेले. अंगणात बांबू तसेच पडले होते. दारात तानूबाई बसली होती आणि सून तिला भाकरी भरवत होती.

अंताजी खाली बसले. तिचा हात हातात घेऊन एकेक पेर दाबू लागले. ती गप्प. त्यांनी जोर लावला. तरी ती गप्पच. अंताजींच्या जिवात जीव आला.

“दुखत नाही ना?”

“न्हाई बुवा. आता कायबी दुखत न्हाई.”

मग त्यांनी एक बोट सरळ करून पाहिले. ते हलेना. दुसरे हलेना. वाकलेले सांधे आतून एकमेकांना जुळून गेले होते. रोग निजला होता खरा, पण आपले काम उरकून. कोणते औषध द्यायला हवे होते, हे अंताजींना पक्के ठाऊक होते. त्यांना मोठ्याने रडावेसे वाटले.

“मग बांबू फोडाया कोयता धरता यील का आता?” तानूबाईने विचारले.

“नाही, तानूबाई,” अंताजी म्हणाले. “तू म्हणालीस तेव्हाच दाबायला हवं होतं मी.”

सुनेने पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.

तात्पर्य: दुखणे कानाला नको म्हणून आपण मोजायचे सोडले, तरी ते वाढायचे सोडत नाही.