उघड्या लोखंडाचा रुसवा

एका राज्यात वाळू फार, पाणी बेताचं आणि बोलणाऱ्यांना तोटा नाही, असा कारभार होता. तिथल्या राजाचं नाव रणकेतू. रण त्याने कधी पाहिलं नव्हतं. तलवारी मात्र दालनभर जमवल्या होत्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत, वाळवंटापलीकडच्या तुआरेग लोकांच्या. ते लोक अशा तलवारीला तकुबा म्हणतात. पातं रुंद, सरळ, दुधारी, टोक गोलसर, मूठ अधिकाच्या चिन्हासारखी, कातड्याने आणि पितळेने पुरती मढवलेली. ते लोक उघड्या लोखंडाला हात लावत नाहीत. लोखंडात जीव असतो, म्हणतात, आणि तो मानी असतो.

काही पात्यांवर चंद्रकोरीचा ठसा असे. तो दूरदेशीच्या कारागिराचा, की तुआरेग लोहाराने केलेली त्याची नक्कल? राजाला झोप येईना. खरी खूण मुठीखाली दडली असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. दाणा पाहायला पोतं फाडू नये, बोट घालावं, हे बाजारातलं पोरही जाणतं. पण राजाला कोण सांगणार? त्याने सगळ्या मुठी सोलल्या.

शेवटचं कातडं गळालं आणि राज्यातली धार गेली. सुरी कांद्यावरून घसरू लागली. विळा गवताला गुदगुल्या करू लागला. दातांचीही तीच गत. प्रजा भाकरी दुधात कालवून गिळू लागली. वस्तरे चालेनात, दरबार दाढ्यांनी भरला. लोक पोट धरून हसले.

मग सुईण आली. राजकन्या नीलाक्षीचे दिवस भरत आले होते.

"महाराज, बाळ येईल. नाळ कशाने कापू? ती तुटली नाही, तर दोन्ही जीव हाती लागायचे नाहीत."

नीलाक्षी म्हणाली, "आबा, दालनभर तलवारी आणि नाळ एक. एकही कामाची नाही?"

तेवढ्यात खिडकीत एक पखुर्डी उतरली. वाळवंटातला पक्षी, पिसांत पाणी भरून नेणारा, बोलतही असे.

"लोखंड रुसलंय," पखुर्डी म्हणाली. "ज्यांनी त्याला कपडे शिवले, त्यांच्याकडे जा."

राजाने सर्वांत जुनी तकुबा घेतली, उंटावर बसला आणि पखुर्डीमागे निघाला. वाळूच्या डोंगराआड लोहारांचा तळ लागला. तिथे लोखंड पुरुष ठोकतात आणि कातडं बायका शिवतात. लोहाराची बायको तमिमा हातात आरी घेऊन बसली होती. तिला जादू येत असे, पण शिवण अधिक चांगली येत असे. राजाने लेकीची अडचण सांगून तलवार पुढे केली.

"हिची काय माहिती आहे तुला?" तमिमाने विचारलं.

राजाने लांबी सांगितली, वजन सांगितलं, पात्यावरच्या तीन पन्हळी दाखवल्या.

"सोयरीक जुळवायला आल्यासारखा बोलतोस. नाव काय तिचं?"

राजाला नाव ठाऊक नव्हतं.

"मग तीन कामं कर. पहिलं, तिचं नाव विचारून ये."

राजाने तलवारीला विचारलं. ती बोलेना. उन्हात पातं तापलेलं, मूठ उघडी. राजाला काय वाटलं कोण जाणे, त्याने डोक्याचा फेटा सोडला, तिला त्यात गुंडाळलं आणि बोडका बसून राहिला. टाळू भाजली तेव्हा फेट्यातून आवाज आला, "मी वाऱ्याची थोरली बहीण."

"दुसरं," तमिमा म्हणाली, "मृगजळात शेळी चरते. तिचं कातडं आण."

राजा धावला तसं मृगजळ पुढे पळालं. पखुर्डी वरून म्हणाली, "पाहणाऱ्यापासून ते पळतं. डोळे मीट, चाल." राजा डोळे मिटून चालला, दोनदा आपटला, आणि मृगजळात शिरून गुडघ्यापर्यंत गार झाला. शेळीने अंगरखा काढावा तसं कातडं काढून दिलं. आत दुसरं होतंच.

"तिसरं. मी शिवते, तू पातं धर."

तमिमाने मुठीचं लोखंड राखेने घासलं. गंज सुटला आणि खाली काहीतरी कोरलेलं चमकू लागलं. राजा पुढे वाकला.

"खूण आहे," तमिमा म्हणाली. "पाहिलीस तर टाका धरणार नाही."

"क्षणभरच?"

"लेकीला विचारून ये."

राजाने मान फिरवली. फिरवली खरी, पण अशी, की मानेची शीर महिनाभर दुखत होती. पाठीमागे आरी टोचत राहिली, दोरा ओढला गेला.

"झालं. हिच्या भरवशावर बाकीच्या धीर धरतील. त्यांना तू शीव. हे कातडं संपणार नाही."

राजा परतला तेव्हा महालात बाळ रडत होतं आणि सुईण घामाघूम झाली होती. राजाने तकुबा पुढे केली.

"एवढी लांब नाळकात्री जन्मात पाहिली नाही," सुईण म्हणाली, आणि धार टेकवताच नाळ तुटली.

त्याच क्षणी स्वयंपाकघरात कांदा चिरला गेला. शेतात विळे चालले. न्हाव्यांना दोन दिवस जेवायला उसंत मिळाली नाही. नीलाक्षीने लेकीला कुशीत घेतलं आणि दात लावून भाकरीचा तुकडा तोडला.

राजाने उरलेल्या मुठी स्वतः शिवल्या. टाके वाकडे आले, पण तलवारींनी चालवून घेतले. एकेकीचं नाव विचारून घेतलं. तलवारींचा एवढा जाणकार चहूकडे दुसरा नव्हता. पुढे शेजारच्या राज्याचा राजा दालन पाहायला आला. वाऱ्याच्या थोरल्या बहिणीपाशी थबकला.

"मुठीखाली कोणता ठसा आहे?"

"ठाऊक नाही," रणकेतू म्हणाला.

"सोलून पाहू का?"

"पाहा की," रणकेतू म्हणाला. "फक्त आधी दाढी करून घ्या."