दहा पावलांवरची जर

“ही जर म्हणायची? हे तर नुसते पिवळे फराटे!” टेंभुर्डी संस्थानचे भुजंगराव महाराज स्वतःच्याच तैलचित्राला नाक लावून ओरडले. “मखमलीच्या जागी चिखल आणि मोत्यांच्या जागी चुन्याचे ठिपके! मास्तर, संध्याकाळपर्यंत अंगरख्याच्या जरीची तार न् तार दिसली पाहिजे. नाहीतर चित्र चुलीत आणि तुम्ही हत्तीखान्यात, चुना मारायला!”

रंग ओलाच होता. महाराजांच्या नाकाचा शेंडा पिवळाधमक झाला होता, पण सांगणार कोण?

चित्र काढलं होतं त्र्यंबक मास्तरांनी. सहा महिने खपून त्यांनी रंगाचे जाडजाड थर चढवले होते. ‘जरा लांबून बघा’ म्हणायला जीभच रेटेना! त्यांचे रंग घोटणारी ठकूबाई मात्र भडकली. घोटून घोटून तिच्या हातांना घट्टे पडले, आणि हे म्हणे फराटे! पदर खोचून ती तरातरा पुढे निघाली.

“अगं ए! मागं हो!” चोपदार खेकसला. “महाराजांना बघायचं ते दहा पावलांवरनं, मुजरा करून!”

“ते का बरं?”

“आमचा हुकूम आहे!” महाराज म्हणाले. “जवळून राजाचा रुबाब दिसत नाही. दिसतात ते देवीचे वण!”

“असं होय! मग सरकार, या चित्रात कोण आहे?”

“कोण म्हणजे? आम्ही! खुद्द आम्ही!”

“मग खुद्द महाराजांच्या नाकाला नाक लावून उभे राहणारे तुम्ही कोण? हुकूम म्हणजे हुकूम! व्हा मागं! आणि मुजरा करत!”

सगळा दरबार गार! चोपदारानं तर डोळेच मिटून घेतले. महाराज पेचात पडले. स्वतःचाच हुकूम मोडायचा कसा? निघाले बिचारे मागे मागे. एक पाऊल, एक मुजरा; दुसरं पाऊल, दुसरा मुजरा. ठकूबाई मोठमोठ्यानं मोजत होती. दहाव्या मुजऱ्याला कंबर धरून त्यांनी मान वर केली.

“अरेच्चा!”

फराट्यांची लखलखीत जर झाली होती! मोती कसे पाणीदार, आणि मखमल अशी की हात फिरवावासा वाटावा. महाराज हात पुढे करून धावले.

“अंहं! दहा पावलं!” ठकूबाई कडाडली.

महाराज पोट धरधरून हसले. “मास्तरांना सोन्याचं कडं द्या! आणि या बाईला जरीचं लुगडं देऊन चित्राच्या राखणीला बसवा. दहा पावलांच्या आत येईल त्याला हिनं हटकायचं, मग तो कुणी का असेना!”

दुसऱ्या दिवशी लुगडं नेसून ठकूबाई कामावर हजर झाली. दुपारपर्यंत तिनं महाराजांनाच चारदा हटकलं होतं.