बिनदुधाची खीर

एका गावात एक सुंदरामामी होती. गाव गवळ्यांचं, आणि सगळ्यात जास्त म्हशी तिच्या दारात, म्हणून लहानथोर तिला मामीच म्हणत. मामीचा हात सढळ होता आणि तोंड त्याहून सढळ. पोट दुखलं तर तूप, भाजलं तर तूप, पोर रडलं तरी तूपच. तिच्या घरी पंगत बसली की अन्नशुद्धी म्हणून प्रत्येकाच्या भातावर तुपाचा थेंब ती स्वतःच्या हाताने सोडी. तो पडल्याशिवाय घास उचलायची कुणाची हिंमत नव्हती.

मामीने नवा गोठा बांधला. त्याच्या वास्तुशांतीला गावजेवण ठरलं, खिरीचा बेत ठरला. नणंद अनसूया आपल्या मुलीला, वेणूला घेऊन माहेरी आली. वेणूला दूध चालत नसे. एकदा एका लग्नात कुणीतरी लाडाने तिला ताकाचा घोट पाजला, तर गळा सुजून तिचा श्वासच अडकला होता. पोर मरता मरता वाचली. तेव्हापासून कुठल्याही जेवणावळीत ती बाजूला बसून घरची भाकरी खाई आणि दुसऱ्यांच्या द्रोणांकडे बघत राही.

"दूध बाधतं?" मामी कडाडली. "दुधाने कधी कुणी आजारी पडतं का, वन्सं? नुसते चोचले. माझ्या म्हशीचं पेलाभर प्यायली की टुणटुणीत होईल."

अनसूया शांतपणे म्हणाली, "वहिनी, वसुबारसेला वासरासाठी तू दुधातुपाला शिवत नाहीस ना? मग माझ्या पोरीला वासरू समज."

मामीने पदर खोचला आणि ती म्हणाली, "वेणू पंगतीत बसेल. आणि खीरच खाईल."

बोलणं सोपं होतं. मामीने नारळ फोडायला घेतला, तर अनसूयेने हात धरला. नारळाने वेणूच्या अंगावर गांधी उठत. शेंगदाण्याचं दूध काढू म्हटलं, तर शेंगदाणाही ताकासारखाच तिचा गळा धरी. आणि नुसत्या तांदळाच्या पेजेला खीर म्हणायला मामीची जीभ धजेना.

"अगं बाई, मग ही खाते तरी काय?"

"कलिंगडाच्या बिया खाते मी," वेणू म्हणाली. "आई सोलून देते. त्यांनी काही होत नाही."

मामीने बिया सोलून भिजत घातल्या. घरच्या पाट्यावर रोज शेंगदाण्याची चटणी वाटली जाई, म्हणून पाथरवटाकडून कोरा पाटा-वरवंटा आणवला. बिया वाटल्या, कोऱ्या फडक्यातून पिळल्या, तर खाली पांढरंशुभ्र दूध उतरलं. त्यात तांदळाची पिठी आणि गूळ घालून तिने एका वेगळ्या पातेल्यात खीर शिजवली. चव घेतली आणि स्वतःवरच खूश झाली. पानं मांडून होईपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं की मामीने दुधाशिवाय खीर केली आहे.

पंगत बसली. वेणू पहिल्यांदाच सगळ्यांच्या ओळीत बसली होती, ताठ, नवा परकर गुडघ्यांवर नीट ओढून. आत मामीने वेणूच्या खिरीचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि जन्मभराच्या सवयीने तिच्या हाताने वरून तूप सोडलं.

मामी भानावर आली. खिरीवर तुपाचा डाग तरंगत होता.

स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. मामीने पळीने तो डाग अलगद काढून टाकला. खीर पुन्हा आधीसारखी दिसू लागली. तूप म्हणजे काही दूध नव्हे, तिने मनाला समजावलं. तूप तर कढवलेलं, शुद्ध. त्याने कुणाचं कधी वाईट झालंय? बाहेरून हाक आली, "मामी, ती नवलाची खीर येऊ द्या की!" आता काय सांगायचं? सगळ्या गावासमोर सांगायचं, की मामी चुकली?

मामीने द्रोण भरला आणि बाहेर नेला.

वेणूने तो दोन्ही हातांत घेतला. "मामी, यात काही नाही ना?"

"नाही गं," मामी म्हणाली.

अनसूया लेकीचं प्रत्येक अन्न आधी हुंगून बघायची. आज तिने हुंगलं नाही. ती लांबूनच हसली आणि वेणूने द्रोण ओठांकडे नेला. एवढा विश्वास बघून मामीला राहवेना.

"टाक ते!" मामी ओरडली आणि तिने द्रोणावर हात मारला. खीर पानावर, परकरावर, वेणूच्या मनगटावर सांडली.

पंगतीतली म्हातारीकोतारी पुटपुटू लागली, भरल्या अन्नावर हात उगारला म्हणून. मामीचा नवरा उठून उभा राहिला. "अगं, वेड लागलं का तुला?"

"मी त्यात तूप सोडलंय," मामी म्हणाली. "चुकून सोडलं, मग काढून टाकलं. आणि पोरीने विचारलं तेव्हा नाही म्हणाले. खोटं बोलले मी."

"हात्तिच्या! एवढ्याशा तुपाने काय होतंय?" नवरा म्हणाला.

अनसूयेने धावत येऊन लेकीचा हात धुतला होता, तरीही खीर सांडली होती तिथे वेणूच्या मनगटावर लाल गांधी उठू लागल्या होत्या. नवऱ्याने त्या पाहिल्या आणि तो मुकाट्याने खाली बसला. हे पोटात गेलं असतं तर, एवढाच विचार सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

मामीने तुपाचं भांडं उचलून थेट नव्या गोठ्यात नेऊन ठेवलं. हात राखेने घासले, पातेलं बदललं. थोड्या भिजल्या बिया उरल्या होत्या. त्या घेऊन ती पुन्हा पाट्याशी बसली. पंगतीतलं कुणीही जेवायला लागलं नाही. भात गार झाला, पोरं चुळबुळली, पण सगळे थांबले.

नवी खीर आली. जेमतेम अर्धा द्रोण होती. अनसूयेचा हात आपोआप पुढे आला, हुंगून बघायला. मामीची मान खाली गेली.

"मामी, यात काही नाही ना?" वेणूने पुन्हा विचारलं.

या खेपेला मामीने आधी खिरीत डोकावून पाहिलं, स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, आणि मग म्हणाली, "नाही, बाळा."

"आई, राहू दे," वेणू म्हणाली. "चुकलं तर मामी सांगते." आणि तिने द्रोण तोंडाला लावला.

त्या दिवशी गावाने पहिल्यांदा मामीच्या घरी तुपाविना भात खाल्ला.

तात्पर्य: दुसऱ्याचं पथ्य आपल्या समजुतीने नव्हे, त्याच्या गरजेप्रमाणे पाळावं, आणि ते मोडलं तर आपली अब्रू सांभाळण्याआधी त्याचा जीव सांभाळावा.