शेरीगव्हाणचा एकच पेला

प्रभूच्या लाडक्या मंडळीहो, आज आपण दौलतबाबा आल्हाटांचं स्मरण करायला बसलो आहोत. दरसाल या दिवशी भाषणं होतात, आणि बोलणारा प्रत्येक जण बाबांना इतकं गोड करून सांगतो की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. बाबा शांत होते म्हणे, बाबा कुणाला लागेल असं बोलत नसत म्हणे. असं सांगणाऱ्यांनी बाबांना पाहिलंच नाही, किंवा पाहिलं तेही फार लांबून. आमचे बाबा रागीट होते. देवानं त्यांच्या रागाला आपलं काम दिलं होतं, म्हणून ते संत झाले. आज मी त्या रागाचीच गोष्ट सांगणार आहे, आणि सांगताना माझाही आवाज चढला तर सांभाळून घ्या.

प्रवरेपासून दोन कोस आत शेरीगव्हाण नावाचं गाव होतं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत बाबा पाळक म्हणून आले तेव्हा सोबत पत्नी रिबकाबाई, चार लेकरं आणि एक ट्रंक होती. मंदिर दगडी, वर कौलं, आणि मंदिराला लागून पाळकाचं दोन खोल्यांचं घर. मंडळीतली घरं साठ-सत्तर. वरच्या आळीतले लोक शिकलेले, कुणी मास्तर, कुणी कंपाउंडर. खालच्या आळीतले लोक अंबाडीचे दोर वळून पोट भरणारे. दोन्ही आळ्यांनी एकाच हौदात बाप्तिस्मा घेतला होता, एकाच पुस्तकातून गाणी म्हणत होत्या, आणि तरी वरची आळी पुढे बसायची आणि खालची दाराशी. कुणी हे ठरवलं नव्हतं. जात बाहेर चपलांसोबत काढून ठेवायची असते, पण आमचे लोक ती आत घेऊन यायचे आणि वर शुद्ध मराठीत प्रार्थना करायचे.

पहिल्याच महिन्यात बाबांनी सांगून टाकलं की जो आधी येईल तो पुढे बसेल. उपासनेला सर्वांत आधी यायची ती ठकूबाई. ही विधवा बाई दिवसभर चाकावर दोर पिळायची, तिचे तळहात घट्ट्यांनी भरलेले होते. रविवारी पहाटेच न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून ती मंदिराच्या पायरीवर येऊन बसायची. बाबांच्या नियमाप्रमाणे ती पहिल्या रांगेत पहिली बसू लागली. आणि म्हणून प्रभुभोजनाचा पेलाही सर्वांत आधी तिच्या हातात जाऊ लागला.

आता हा पेला कसा फिरायचा ते सांगतो. पितळेचा, आतून कल्हई केलेला एकच मोठा पेला होता. त्यात द्राक्षरस ओतायचा, एकानं घोट घ्यायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. रिकामा झाला की बाबा तांब्यातून पुन्हा भरत. पूर्वी तो वरच्या आळीपासून सुरू होऊन खालच्या आळीशी संपत असे, त्यामुळे कुणाला काही टोचत नसे. आता तो ठकूबाईच्या तोंडून मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे मुख्य पंच शलमोनराव भांबळ यांच्याकडे यायला लागला.

शलमोन मास्तर शाळेत आरोग्याचे धडे फार सुंदर शिकवायचे. त्यांच्या शाळेत दोर वळणाऱ्यांच्या पोरांना माठाला हात लावायची बंदी होती, त्यांना वरून ओंजळीत पाणी मिळायचं, आणि हेही आरोग्यातच बसायचं. तिसऱ्या महिन्याच्या भोजनाला मास्तरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली चांदीची वाटी काढली आणि बाबांपुढे धरली.

"पाळकसाहेब, आमचं यात ओता," ते म्हणाले. "उष्ट्यातून रोग पसरतात. केवळ आरोग्याच्या दृष्टीनं म्हणतोय मी."

बाबा क्षणभर गोंधळले. त्यांनी ओतलं. हा त्यांच्या हातून झालेला गुन्हा, असं ते पुढे जन्मभर सांगत. कारण पुढच्या भोजनाला वरच्या आळीतून अकरा वाट्या आल्या. चांदीच्या, काशाच्या, एक तर चहाची कपबशी. आणि ठकूबाईनं घोट घेऊन पेला शेजारी धरला तेव्हा तो घ्यायला एकही हात पुढे आला नाही. ती बाई हात लांब करून तशीच उभी राहिली. किती वेळ, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलंय, पण मला ते सांगवत नाही.

बाबांनी तांब्या मेजावर आपटला. मग ते रांगेतून चालत गेले, एकेकाच्या हातातली वाटी काढून घेतली आणि दारातून बाहेर अंगणात भिरकावली. मास्तरांची चांदीची वाटी सर्वांत लांब गेली.

"प्रभूनं शेवटच्या जेवणाला त्या माडीवर बारा जणांना एकच पेला दिला," बाबा म्हणाले. "त्या बारात यहूदा होता. विकणार होता तो त्याला, आणि प्रभूला ते ठाऊक होतं. तरी त्याला वेगळी वाटी दिली नाही. तुम्ही कोण लागून गेलात? वाट्या बंद होईपर्यंत या मंदिरात भोजन होणार नाही."

त्याच आठवड्यात पंच बसले. ठराव झाला की पुनरुत्थानाच्या रविवारी पाळकानं सर्वांच्या सोयीनं भोजन द्यावं, नाहीतर घर खाली करून जावं. शिवाय एक गोष्ट ठरावात न लिहिता झाली. आपल्याकडे दळायला बसताना पाळकाच्या नावानं मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायची रीत होती. वरच्या आळीतली मडकी एका दिवसात पालथी पडली. खालची आळी देत राहिली, पण त्यांच्याच घरात मुठी किती निघणार?

महिनाभरात पाळकाच्या घरात पातळ आंबिलीवर दिवस निघू लागले. रिबकाबाई सोसणारी बाई होती, पण मुकी नव्हती.

"तुमचं बरोबर आहे, मला कळतंय," ती एका दुपारी बाबांना म्हणाली. "पण लेकरं ताट घेऊन बसली की मी काय वाढू? तुमचा राग वाढू?"

बाबा तसेच उठून अंगणात आले, तर पायरीशी ठकूबाई उभी. पदराखाली अर्धी पायली बाजरी होती.

"बाबा, मी मागं बसते," ती म्हणाली. "दाराशी बसते. पेला शेवटी घेते, न्हाई घावला तरी माझी तक्रार न्हाई. माझ्यापायी तुमच्या लेकरांचे हाल नगं."

बाबा तिच्यावरही भडकले. "तू मागं बसलीस तर मी झगा उतरवून दोर वळायला बसेन. तुला राग कसा येत नाही गं?"

"येतो की," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच ताठ झाला. "त्या दिशी हात लांब करून हुबी ऱ्हायले तवा वाटलं, पेला त्या मास्तराच्या डोक्यात घालावा. पण माझ्या रागानं कुणाची चूल इझत न्हाई बाबा. तुमच्या रागानं तुमची इझतीया."

हे ऐकून बाबा पायरीवर बसले. मग ते म्हणाले, "बाजरी आत दे. आणि रविवारी पुढंच बस. माझ्यासाठी बस." ठकूबाईनं मान डोलावली. त्या दिवसापासून बाबांनी पंचांशी भांडण केलं नाही. रोज सकाळी ते मंदिराचं दार लावून घेत आणि देवाशी भांडत. बाहेर आवाज ऐकू येई. "तुझ्या मेजावर हे चाललंय आणि तू बघत बसलायस," असं ते देवाला खडसावत. भिणारे लोक लांबून जात.

भोजनाचा रस आपल्याकडे मनुकांचा करतात, हे तुम्ही जाणता. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. दरवेळी त्या पंचांकडून येत. या वेळी मास्तरांनी पाठवल्या नाहीत. पाळक कसा वळणावर येत नाही ते बघूच, असं ते म्हणाले. रिबकाबाईच्या डब्यात लेकरांच्या खोकल्यासाठी जपून ठेवलेल्या मूठभर मनुका होत्या. तिनं त्या शनिवारी भिजवल्या. नवऱ्यावर रुसलेली होती, तरी भिजवल्या. तीनदा पिळूनही जेमतेम अर्धा तांब्या रस निघाला.

रविवारी मंदिर भरून गेलं. सगळा गाव बघायला आला होता म्हणायचं, प्रार्थनेला कमी. वरच्या आळीतल्या प्रत्येकाच्या हातात वाटी होती. मास्तरांची चांदीची वाटी घासून लखलखीत होती. ठकूबाई पहिल्या रांगेत पहिली बसली होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवून मास्तर बसले होते.

बाबा मेजापाशी उभे राहिले. वाट्या पाहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता उचलून फेकणार. पण बाबांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "प्रभू, मी थकलो. माझं कुणी ऐकत नाही. हे भोजन तुझं आहे, मेज तुझं आहे. आज तूच वाढ."

मास्तर शेजारच्या पंचाला हळूच म्हणाले, "आलं घोडं वळणावर." बाबांनी ते ऐकलं आणि भाकर उचलली.

भाकर वाटून झाली. बाबांनी पेल्यात रस ओतला आणि ठकूबाईला दिला. तिनं घोट घेतला. मग बाबा मास्तरांपुढे आले. मास्तरांनी वाटी पुढे केली. बाबांनी तांब्या वाकडा केला.

काही पडलं नाही.

तांब्यात रस दिसत होता. काठापर्यंत आला होता, हलत होता. पण काठावरून खाली येईना. बाबांनी तांब्या आणखी वाकडा केला. थेंब नाही. बाबा स्वतःच चकित झाले. त्यांनी वळून ठकूबाईच्या हातातल्या पेल्यावर तांब्या धरला, तर धार सरळ आत पडली. पुन्हा वाटीवर धरला, काही नाही.

"हात कापतोय तुमचा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तांब्या बाबांच्या हातातून ओढून घेतला. स्वतःच्या वाटीवर त्यांनी तो साफ पालथा केला. मंडळीहो, पालथा केला. पहिल्या तीन रांगांतल्या माणसांनी ते पाहिलं. चांदीची वाटी कोरडी ती कोरडीच. आणि तांब्या सरळ केला तेव्हा रस होता तितकाच होता.

मग दुसऱ्या रांगेतून मास्तरांची पत्नी एस्तेरबाई उठली. तिनं आपली वाटी कमरेला खोचली, सरळ चालत ठकूबाईपाशी आली आणि म्हणाली, "द्या बाई इकडं." ठकूबाईनं पेला दिला. एस्तेरबाई प्यायली आणि तिनं तो मागच्या रांगेत दिला. तिच्यामागून वाट्या एकामागून एक बाकांखाली जाऊ लागल्या. पेला फिरू लागला, वरची आळी, खालची आळी, पुन्हा वरची. बाबा तांब्यातून भरत राहिले. मूठभर मनुकांचा अर्धा तांब्या दीडशे माणसांना पुरला आणि तळाशी उरला. रिबकाबाई दाराजवळ उभी राहून रडत होती आणि चारही लेकरं तिला बिलगून होती.

पेला फिरून पुन्हा ठकूबाईकडे आला. घ्यायचे राहिले होते फक्त मास्तर. ते वाटी हातात धरून उभेच होते. मग त्यांच्या हातातून ती सुटली, आणि ते पुढे होऊन बाबांच्या पायांवर कोसळले.

"बाबा, मला माफ करा," ते म्हणाले. "देवाचं बळ बघितलं मी."

आणि इथं आपले गोड बोलणारे लोक सांगतात की बाबांनी त्यांना उठवून मिठी मारली. खोटं आहे. बाबांनी पाय मागे ओढले. रागानं त्यांचा सगळा चेहरा थरथरत होता.

"बळ बघितलंस म्हणून वाकलास," बाबा म्हणाले. "त्या दिवशी ती बाई हात लांब करून उभी होती, ते नाही बघितलंस. मास्तर, चमत्कार लागला तुला. शेजारच्या बाईच्या हातून पेला घ्यायला देवाला स्वर्गातून हात घालावा लागला. मला आज आनंद नाही, मला लाज वाटतेय. आणि तू माझे पाय धरतोस? मी काय केलंय? तुझी वाटी मीच पहिल्यांदा भरली होती. ज्यांचे धरायचे त्यांचे धर."

मास्तरांनी मान वर केली. चार पावलांवर ठकूबाई उभी होती, हातात पेला घेऊन. ज्या बाईला त्यांनी शाळेच्या दारात कधी उभं राहू दिलं नव्हतं, तिच्याकडे ते सगळ्या मंडळीदेखत गुडघ्यांवरच सरकत गेले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

ठकूबाईच्याही डोळ्यांत राग होता, तो एका दंडवतानं जाणारा नव्हता, आणि तिनं तो लपवला नाही. मग तिनं घट्टे पडलेल्या हातांनी पेला खाली, त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"घ्या मास्तर," ती म्हणाली. "उष्टा हाय. माझा एकटीचा न्हाई, आता समद्या मंडळीचा."

मास्तरांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि तिच्या पायाशी बसूनच ते प्यायले.