वैद्याने न दिलेला शब्द

फार पूर्वी वेत्रपूर नगरात राजा धनुर्धर राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मले होते. लोक त्यांना सुनीथ वैद्य म्हणत.

त्याच नगरात कुसुंभा नावाची कुंभारीण राहत असे. तिची मुलगी पिंगला हिला फेफरे येई. चाकाशी बसल्याबसल्या ती कोसळे, अंग ताठ होई, तोंडाला फेस येई. कुसुंभा तिला वैद्याकडे घेऊन आली.

बोधिसत्त्व म्हणाले, "ब्राह्मीचा रस देऊन पाहू. काहींचे झटके त्याने कमी झाले, काहींना काडीचाही गुण आला नाही. ही बरी होईलच, असा शब्द मी देणार नाही."

कुसुंभाच्या अंगाचा तिळपापड झाला. "शब्द देता येत नसेल, तर वैद्य म्हणून बसलात कशाला?" असे म्हणून ती मुलीला घेऊन तडक मांत्रिकाकडे गेली.

मांत्रिकाने शब्द दिला. भूत पळवतो म्हणत त्याने तापलेल्या विळ्याने पोरीच्या कपाळावर डाग दिला. दुसरा डाग द्यायला तो वाकला, तेव्हा कुसुंभाने विळा हिसकावला आणि त्याच्याच अंगणातल्या दगडावर आपटून मोडला.

झटके थांबले नाहीत. पिंगलाचे बोलणे मात्र थांबले. ती जेवेना, मातीला हात लावीना, भिंतीकडे तोंड करून पडून राही.

कुसुंभा पुन्हा वैद्याच्या दारात आली. ती उंबऱ्याबाहेरूनच कडाडली, "तुम्ही खोटे बोलला असतात, तर मी तिकडे गेले नसते."

"खोटे बोललो असतो, तर पुढच्याच झटक्याला तू औषध फेकून तिकडेच गेली असतीस," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तू रागावून निघालीस आणि मी जागचा उठलो नाही. ती चूक माझी."

त्या दिवसापासून ते रोज सकाळी स्वतः कुंभारवाड्यात जाऊ लागले. फेफऱ्यासाठी ब्राह्मी नेत, खचलेल्या मनासाठी जटामांसी. गुण येईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. कुसुंभा त्यांना बसायलाही सांगत नसे. ते उभ्याउभ्याच पिंगलाशी दोन शब्द बोलत आणि उत्तराची वाट न पाहता परतत.

चौथ्या महिन्यात झटके विरळ झाले, पण पुरते गेले नाहीत. मग एके सकाळी पिंगला आपणहून उठली आणि माती मळू लागली. कुसुंभाने पाट मांडला. "राग अजून आहे," ती वैद्यांना म्हणाली. "पण बसा."

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची कुसुंभा म्हणजे आजची भिक्षुणी सुजया, पिंगला म्हणजे तिच्याजवळ बसलेली ही उपासिका. आजारी सोबत्याला अशुभ म्हणून विहाराबाहेर काढू पाहणारा भिक्षू तेव्हा मांत्रिक होता, आणि वैद्य मीच होतो. खोटा दिलासा द्यायचा नाही आणि रोग्याचे दारही सोडायचे नाही, यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."