निसटलेली पहार

एका तालुक्याच्या गावी एकदा एक निवृत्त शिरस्तेदार कायद्याचे मदतनीस घडवण्याची शाळा चालवीत असत. चौतीस वर्षे त्यांनी न्यायालयाचे कागद सांभाळले होते. शिष्य त्यांना नाना म्हणत. सकाळी दिवाणी, दुपारी फौजदारी, असा त्यांचा क्रम होता. समन्स कसे बजावतात, कैफियत किती दिवसांत द्यावी, अटक झालेल्या माणसाला कोणासमोर आणि किती तासांत उभे करावे, हे सारे ते शिकवीत. शिकणारे कोण? अंगणवाडीच्या सेविका, शिलाई करणाऱ्या बाया, बेकार पदवीधर. मोठ्या गावांतले काही वकील त्यांना हसून ‘पाव वकील’ म्हणत. हसणाऱ्यांपैकी पोलीस ठाण्याच्या बाकावर गरिबाशेजारी चार तास बसलेला एकही मला आजवर भेटलेला नाही.

या शाळेत इंदुमती नावाची शिष्या सर्वांत हुशार होती. कलमे तिला तोंडपाठ होती आणि जीभही धारदार होती.

एके दिवशी दगडाच्या खाणीत काम करणारी हौसाबाई शाळेच्या दारी आली. आदल्या दिवशी खाणीत एक सुरुंग पेटूनही उडाला नव्हता. मुकादमाने तिच्या तरण्या मुलाला तिथे जायला फर्मावले. तो नाही म्हणाला. मुकादमाने हातातली पहार त्याच्या नडगीवर घातली. तो खाली पडला, तेव्हा पुन्हा घातली. हे हौसाबाईने दहा हातांवरून, डोक्यावर पाटी असताना पाहिले. मुलगा आता सरकारी दवाखान्यात होता आणि पाय वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

नानांनी इंदुमतीला तिच्याबरोबर ठाण्यात पाठवले. सकाळी नऊला दोघी गेल्या. ठाणे अंमलदार म्हणाले, “साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.” इंदुमती हलली नाही. “फिर्याद घ्यायला साहेब लागत नाहीत, ठाणे अंमलदार लागतो. तो माझ्यासमोर बसलाय,” ती म्हणाली. चार तास हे चालले. अखेर एक वाजता संगणकावर मजकूर टंकला गेला, छापला गेला, हौसाबाईचा अंगठा उमटला. तो अंगठा ओळखल्याची सही इंदुमतीने केली. शिक्का मारलेली प्रत हाती पडली. गुन्हा क्रमांकाकडे पाहताना त्या मुलीचे डोळे भरून आले. हौसाबाईला घेऊन शाळेत परतताना तिने पेढे घेतले.

वर्गात टाळ्या पडल्या. नानांनी पेढा घेतला नाही, आधी प्रत घेऊन वाचली आणि परत दिली. त्यांनी टेबलावरचे शाईचे पॅड उघडले आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

“अंगठा उमटव.”

“माझा? कशाला, नाना?”

“उमटव तर.”

इंदुमतीने हसत अंगठा उमटवला. नानांनी त्याखाली सावकाश लिहिले: ‘इंदुमती, पदवीधर, निरक्षर.’ आणि तो कागद सर्वांना दिसेल असा फळ्याला टाचला.

इंदुमतीचा चेहरा लाल झाला. “चार तास उभी होते मी तिथे! पाणीसुद्धा प्याले नाही. आणि तुम्ही माझी अशी शोभा करता?”

“उभी होतीस, हे खरे आहे. तसे उभे राहणारे या तालुक्यात फार नाहीत,” नाना म्हणाले. “आता ती प्रत मोठ्याने वाच. हौसाबाई, तुम्ही खाली का बसलात? या, खुर्चीवर बसा.”

इंदुमती वाचू लागली. नाव बरोबर, तारीख बरोबर, खाण बरोबर. मग ती एका ओळीवर अडखळली. नाना म्हणाले, “थांबू नकोस.”

“‘...बाचाबाची चालू असता मुकादमाच्या हातातील पहार निसटून माझे मुलाचे पायावर पडली...’”

“निसटून?” हौसाबाई उठून उभी राहिली. “ह्ये कोन म्हनलं? म्या न्हाई म्हनलं!”

इंदुमतीने खाली पाहिले. कलम निष्काळजीपणाचे होते, ज्यात मुकादम जामिनावर संध्याकाळी घरी जेवायला जाणार होता. कलमे तोंडपाठ असलेल्या मुलीने कलमाचा रकानाच पाहिला नव्हता. तिने शिक्का पाहिला होता. अखेरची ओळ तिने न सांगताच वाचली: “‘सदर फिर्याद मला वाचून दाखविली, ती माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’”

“वाचून दाखवली होती का?” नानांनी विचारले.

“नाही.”

नाना म्हणाले, “हौसाबाईंना अक्षर येत नाही, हा त्यांचा दोष नव्हे. त्यांचा अंगठा तुझ्या भरवशावर उठला. लिहिणारा कधी चुकतो, कधी कुणाच्या सांगण्यावरून चुकतो, म्हणून तर वाचून दाखवण्याचे बंधन कायद्याने घातले. चौतीस वर्षे मी ही ओळ प्रत्येक फिर्यादीखाली पाहिली. पिंजऱ्यात उभा राहिलेला गरीब म्हणे, ‘मी असं बोललो नव्हतो,’ आणि ही ओळ त्याला खोटे पाडी. वकील येतो वर्षभराने, न्यायाधीश त्याहूनही पुढे. कागद जन्मतो त्या टेबलापाशी गरिबाच्या बाजूचे एकच साक्षर माणूस असते, ते म्हणजे तू. तू वाचले नाहीस, तर त्या खोलीत कुणीच वाचलेले नसते.”

इंदुमतीने प्रत पिशवीत ठेवली. “चला मावशी.”

तीन वाजता दोघी पुन्हा ठाण्यात होत्या. अंमलदार हसले. “बाई, अजून शिकणं संपलं नाही वाटतं?”

“नाही साहेब, आजच सुरू झालंय. मावशींचा पुरवणी जबाब घ्या. आणि लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा.”

“तुम्हीच वाचा की मग.”

“मी नाही. लिहिणाऱ्यानं वाचायचं.”

अंमलदारांनी कुरकुरत लिहिले आणि भराभर वाचायला घेतले.

“सायेब, गाडी चुकतीया व्हय? दमानं वाचा,” हौसाबाई म्हणाली. बाकावरचे दोघे-तिघे हसले. अंमलदार दमाने वाचू लागले. पहिल्या ओळीत तिने खाणीची बाजू दुरुस्त केली. पुढे ‘पहार लागली’ असे आले, तेव्हा तिने हात वर केला.

“लागली न्हाई, मारली. दोनदा मारली.”

“अहो बाई, झटापटीत निसटली असेल.”

“येकदा निसटंल, सायेब. खाली पडल्याल्या मानसावर परत उचलून निसटती व्हय पहार?”

अंमलदारांनी ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. सारा जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचला गेला. मग सवयीने त्यांनी शाईचे पॅड पुढे ढकलले.

“पुरवणी जबाबावर अंगठा घेत नाहीत, साहेब, कायद्याचीच मनाई आहे,” इंदुमती शांतपणे म्हणाली. “आणि हा अर्ज, कलम वाढवण्यासाठी. याची एक प्रत अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने गेली आहे. पोच द्या.”

अंमलदारांनी पोच दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी कलम वाढले आणि मुकादमाला खाणीवरून उचलले.

खटला उभा राहील, वर्षे लागतील, निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. पण जबाब दिला त्याच संध्याकाळी हौसाबाई दवाखान्यात गेली आणि मुलाच्या खाटेशी बसून अक्षर न येणाऱ्या त्या बाईने आपला जबाब पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत त्याला म्हणून दाखवला. इंदुमती दाराशी उभी राहून, ठाण्यात जबाब वाचला जाताना उतरवून घेतलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकत होती. एक शब्द कमी नव्हता, एक शब्द जास्त नव्हता.