टिपकी पाणपिसू आणि हिरवा घास

एक होतं तळं. तळ्यात राहायची टिपकी पाणपिसू. तिळाहून लहान! डोळा एकच, पण नजर पक्की. ती उड्या मारायची, टिचुक टिचुक. मागोमाग तिची बाळं, टिचुक टिचुक. पाण्यातल्या शेवाळाचा हिरवा हिरवा घास सगळी मिळून मटकवायची.

एके दिवशी तळ्यावर आला साबणाचा फेस. फुसफुस फुसफुस, पसरला की हो सगळीकडे! ऊन आत येईना. ऊन नाही, तर हिरवं उगवेना. घास संपला!

"आई, भूक!" बाळं रडू लागली.

टिपकीलाही रडू आलं. पण ती रडत बसली नाही. "घास मिळवल्याशिवाय मी गप्प बसायची नाही!"

टिपकी गेली फेसाकडे, टिचुक टिचुक.

"फेसा फेसा, हट ना!
बाळांना घास मिळेना!"

"मी नाही हटत जा! पाट मला आणतो. आधी पाट थांबू दे."

टिपकी गेली पाण्याच्या पाटाकडे, टिचुक टिचुक.

"पाटा पाटा, थांब ना!
फेस हटेना,
बाळांना घास मिळेना!"

"मी नाही थांबत जा! सगुणाकाकू माझ्यात साबणाचं पाणी ओततात. त्यांना सांग."

काकू गोधड्या धूत होत्या, धप धप धप. टिपकी बसली एका थेंबात. थेंब उडाला, काकूंच्या बांगडीवर बसला, टुपुक!

"काकू काकू, ऐका ना!
पाट थांबेना,
फेस हटेना,
बाळांना घास मिळेना!"

"अगं बाई, कोण बोलतंय?" काकूंनी चष्मा पुसला. "एवढीशी गं तू! पण साबणाचं पाणी ओतू कुठे? कर्दळ पीत असेल, तर तिला घालीन."

थेंब निघाला कर्दळीकडे, टुलुक टुलुक.

"कर्दळी कर्दळी, पी ना!
काकू ऐकेनात,
पाट थांबेना,
फेस हटेना,
बाळांना घास मिळेना!"

"मी नाही पीत जा! पाणी माझ्याजवळ थांबतच नाही. कोंबडीने उकरून आळं केलं, तर पिईन."

थेंब निघाला कोंबडीकडे, टुलुक टुलुक.

"कोंबडी कोंबडी, उकर ना!
कर्दळ पिईना,
काकू ऐकेनात,
पाट थांबेना,
फेस हटेना,
बाळांना घास मिळेना!"

"कॉक कॉक! मी नाही उकरत जा! माझ्या करवंटीतलं पाणी बघ, हिरवंगार झालंय. शी! ते स्वच्छ कर, मग उकरीन."

हिरवंगार? टिपकीचा डोळा चमकला. "हे तर माझंच काम!"

टिपकी करवंटीत उतरली, बुडुक! मटक मटक, मटक मटक. पाणी झालं लख्ख. टिपकी झाली टम्म!

"राहा की इथेच," कोंबडी म्हणाली.

"छे! माझी बाळं उपाशी आहेत. चल, उकर!"

मग काय!
कोंबडीने आळं उकरलं, खर्र खर्र.
काकूंनी बादली तिकडे ओतली, धो धो.
कर्दळ प्यायली, गट गट.
पाट थांबला.
फेस हटला, फुस्स!
ऊन आत शिरलं. पाण्यात हिरवं हिरवं उगवलं.

थेंबात बसून टिपकी तळ्यात परतली, टुलुक टुलुक.

"आई आली, आई आली!"

"करा रे आ!" टिपकी म्हणाली. मटक मटक, मटक मटक. एकही बाळ उपाशी राहिलं नाही.

आणि आता कोण बरं राहिलं? आमचं सोनं! कर बघू आऽऽ!